तोलोलिंग, टायगर हिलसारख्या चढाया रात्रीच का करतात?

रानवाटा_नाशिक:
परवा पहाटे अंधारातच हरिहर गड चढलो. हेडलॅम्प होता, पाठीवर जेमतेम पाच किलोची सॅक, पायऱ्यांना हात धरायला खोबण्या आहेत, तरी पाय लटपटले. तेव्हापासून डोक्यात तोलोलिंगच घुमतंय. १९९९ च्या कारगिल युद्धात आपले जवान कळसूबाईच्या जवळपास तिप्पट उंचीवर, बॅटरी न लावता, दारूगोळा घेऊन रात्रभर चढले आणि वर पोचून परत लढले. दिवसा निदान पाय कुठं ठेवायचा ते तरी दिसतं, मग रात्रच का? माहीतगारांनी सांगा प्लीज.

पंचवटीकर:
दिवसा तुला दिसतं तसं वरच्यालाही दिसतं ना भाऊ. द्रासचे डोंगर उघडेबोडके, आडोशाला झुडूपसुद्धा नाही, आणि वर दगडी बंकरमध्ये पाकिस्तान्यांची मशीनगन. तोलोलिंगवरून द्रास आणि श्रीनगर-लेह हायवे नजरेच्या टप्प्यात, ट्रक दिसला की तोफेचा गोळा, म्हणून ते शिखर हवंच होतं. १८ ग्रेनेडियर्सनी मे अखेरपासून प्रयत्न केले, मेजर राजेश अधिकारी तिथंच शहीद झाले. शेवटी १२-१३ जूनच्या रात्री २ राजपुताना रायफल्सनी शिखर घेतलं, तेव्हा अमावास्या होती. पण त्याच पलटणीला २८ जूनला थ्री पिंपल्स नावाच्या द्रासच्याच डोंगरावर पौर्णिमेच्या चांदण्यात चढावं लागलं. मेजर पद्मपाणी आचार्य, कॅप्टन केंगुरुसे, कॅप्टन विजयंत थापर, तिघंही त्या लढाईत गेले. वाचताना अजून पोटात कालवतं.

तोफची_देवळाली:
मी तोफखान्यातून रिटायर झालोय, ट्रेनिंग आपल्या देवळालीतच झालं. पोरा, रात्र म्हणजे नुसता अंधार नाही, मोजके तास असतात ते. जूनमध्ये तिकडं लवकर उजाडतं आणि उघड्या उतारावर असताना उजाडलं तर ना वर जाता येतं ना खाली, दिवसभर एका धोंड्यामागं पडून राहायचं, बाटलीतलं पाणी संपलेलं. म्हणून सगळा हिशेब उजाडण्यापासून उलटा मांडतात. त्यात पायाखालचा एक दगड सुटला की गडगडत जातो आणि वरचा सावध होतो.

आमचं काम वरच्याला डोकं काढू न देणं. पायदळाबरोबर आमचा ओपी ऑफिसर, म्हणजे निरीक्षण करणारा अधिकारी, वायरलेस घेऊन चढतो, फायर कुठं हवा ते तोच सांगतो. जवान जवळ पोचले की फायर उचलून पुढं न्यायचा, म्हणजे गोळे बंकरच्या पलीकडं टाकायचे. लवकर उचलला तर शत्रू परत मशीनगनवर बसतो, उशीर झाला तर आपलाच गोळा आपल्यावर. त्यापुढचं अंतर एकट्या पायदळाचं, ग्रेनेड आणि संगीन. तिकडं हवा विरळ, गोळा लांब जातो, म्हणून मैदानातला हिशेब तसाच्या तसा चालत नाही, आधी गोळे टाकून बघून दुरुस्ती करावी लागते. बोफोर्स तोफा तर हायवेजवळ आणून बंकर नजरेनं धरून सरळ मारल्या. रेंजवर फायरिंग असलं की आपल्याकडं खिडकीच्या काचा थरथरतात ना, तसे अडीच लाखांवर गोळे, रॉकेटं त्या लढाईत गेली.

सातपूरची_मनीषा:
काका, आता थर्मल कॅमेऱ्यात अंगाची ऊब दिसते, डोक्यावर ड्रोन. मग रात्रीचा फायदा राहिला का?

तोफची_देवळाली:
बराच कमी झालाय ताई. पण थर्मलला खडकाच्या आडचं दिसत नाही, त्यामुळं वाट कुठली धरायची हे तेव्हाही महत्त्वाचं होतं, आताही आहे. टायगर हिलला ३ जुलैच्या रात्री ८ शीखनी शत्रूला एका बाजूनं गुंतवलं आणि १८ ग्रेनेडियर्सच्या ‘घातक’ या खास हल्ला तुकडीचे जवान उभ्या कड्यावरून दोर लावून चढले, तिकडून कोणी येईल असं वरच्यांना वाटलंच नव्हतं. योगेंद्रसिंह यादव त्यांच्यातलेच, वय १९. बऱ्याच गोळ्या लागूनही बंकरपर्यंत गेले, परमवीर चक्र मिळालं.

रानवाटा_नाशिक:
हरिहरवर मी दोन मिनिटं हेडलॅम्प बंद करून बघितला होता, हाताखालची खोबणसुद्धा दिसेना. काका, अशा ठिकाणाहून जखमींना खाली कसं आणायचे?

तोफची_देवळाली:
त्याच वाटेनं, बऱ्याचदा पाठीवर. स्ट्रेचर असलं तर चार-सहा माणसं लागतात आणि तेवढे जवान लढाईतून कमी होतात. उतरायला तासन्‌तास जातात, तेही उजाडायच्या आत, नाहीतर पुढच्या रात्रीपर्यंत त्याला तिथंच सांभाळायचं.