आधी साधी लागर मागवून बघा
नव्या शहरात चांगली बिअर कुठे मिळेल असं विचारलं की 'अ‍ॅपवरचं रेटिंग बघून जा, फसणार नाही' असं सांगतात, ते मला अर्धंच पटलं. अनटॅप्ड या बिअरला तारे देण्याच्या अ‍ॅपवर डबल आयपीए, इम्पीरियल स्टाउट असल्या कडक, भडक चवीच्या बिअर वर चढतात. नेटक्या पिल्सनरला (सौम्य चवीच्या लागर बिअरचा एक प्रकार) तेवढे तारे सहसा मिळत नाहीत. त्यामुळे आकड्यावरून ब्रुअरीचा हात कळतोच असं नाही.

नव्या शहरात गेलो की मी आधी त्यांची सगळ्यात साधी लागर मागवतो, तीही छोट्या ग्लासात. हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या) माऱ्याखाली बरंच काही झाकलं जातं, लागरमध्ये लपायला जागाच नाही. लोण्यासारखा वास आला तर तो डायअ‍ॅसिटिल या रसायनाचा. आंबताना यीस्टच ते तयार करतं आणि पुरेसा वेळ मिळाला तर परत शोषूनही घेतं. म्हणजे बहुधा टाकी रिकामी करायची घाई झालेली असते. मात्र तोच वास नळावरच्या दोन-तीन वेगवेगळ्या बिअरना येत असेल, तर केगपासून (बिअरच्या पिंपापासून) नळापर्यंतच्या पाइपांवर संशय घ्यावा. तिथले जिवाणूही हाच उद्योग करतात. ते पाइप साधारण दर 14 दिवसांनी धुवायचे असतात (सगळीकडे धुतात असं कोण म्हणतंय!). ओतणाऱ्याला सरळ विचारावं, शेवटचे कधी धुतले? जो पटकन दिवस सांगतो, त्यालाच पुढचं विचारायचं: सुट्टीच्या दिवशी तू स्वतः कुठे पितोस? मला चांगल्या जागा जास्त करून अशाच सापडल्यात.