जपानमध्ये १२ दिवसांत वागाशी आणि चहाचा विधी शिकता येईल का?

अर्धाकप

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत असते, आज पहिल्यांदा काहीतरी विचारतेय. नोव्हेंबरमध्ये मी आणि आई जपानला जातोय, १२ दिवस. फुजी, बुलेट ट्रेन, हरणं हे सगळे बघतातच, आम्हाला त्यातलं निम्मं राहिलं तरी चालेल, पण वागाशी म्हणजे ती फुलापानांसारखी दिसणारी जपानी मिठाई असते ना ती करायला शिकायचीये आणि चहाचा तो विधीही नीट शिकायचाय, नुसता किमोनो घालून फोटो काढायचा नाहीये. नेटवर बघितलं तर ढीगभर क्लास, कुणाचा दीड तास कुणाचा तीन, आणि सगळ्यांनाच पाच स्टार. डोकं फिरायची वेळ आली.

आत्ताचा प्लॅन असा की तोक्यो ४ दिवस, क्योतो ४, कानाझावा २, ओसाका २ आणि प्रत्येक ठिकाणी एकेक क्लास, म्हणजे प्रत्येक वेळी नवीन काहीतरी शिकता येईल. बरोबर आहे का? आणि अडचणी दोन. आईचे गुडघे, तिला मांडी घालूनही बसवत नाही. आणि आम्ही दोघी शाकाहारी, आई अंडंही खात नाही. जपानी भाषा शून्य. कुणी केलंय का असं?

तिखटमीठ

मी केलंय, दोन वर्षांपूर्वी, आणि हीच चूक केलीये म्हणून लिहितेय. चार शहरांत चार क्लास घेतलेस तर चारही ठिकाणी तेच शिकशील गं. मी तीन घेतले, तिन्हीकडे नेरीकिरी. म्हणजे पांढऱ्या घेवड्यासारख्या बियांचं गोड सारण, त्यात तांदळाच्या पिठाचं चिकट ग्युही घालून मळलेला गोळा. तो गोळा तयारच असतो, रंग दिलेला, वजन केलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. आपण फक्त आकार द्यायचा. म्हणजे मातीचा गोळा कुणी मळून ठेवायचा आणि आपण गणपतीची सोंड लावायची, तसं.

पण तेवढंही सोपं नाही हां. माझ्याकडे बाहेरचा पांढरा गोळा २५ ग्रॅम, आतला लाल सारणाचा १५ ग्रॅम. पांढरा तळहातावर चपटा करायचा, मधे लाल ठेवायचा आणि डाव्या हातात फिरवत फिरवत उजव्या हाताने कडा वर ओढून तोंड बंद करायचं. मोदक वळणाऱ्या बाईला वाटतं हे तर येतंच आपल्याला. नाही येत! मोदकाला उकडीचा ताण असतो, हे लोण्यासारखं सरकतं, जास्त वेळ हातात धरलं की कोरडं पडून भेगा जातात, म्हणून शेजारी ओलं फडकं, त्यावर दर मिनिटाला बोटं टेकवायची. मग साङ्काकुबेरा नावाची तीन धारांची लाकडी पट्टी, एकेक धार वेगळी, तिने पाकळ्यांच्या रेघा ओढायच्या. शेवंती करायची होती, माझी दिसत होती उकललेल्या करंजीसारखी. शिकवणाऱ्या बाई इतक्या सभ्य की म्हणाल्या वाऱ्यातली शेवंती आहे. 🙂

क्योतोत कान्शुंदो नावाचं जुनं दुकान आहे, ते प्रवाशांसाठी वर्ग घेतात, तिथे नेरीकिरीबरोबर साच्यातली कोरडी मिठाईपण करायला मिळाली. एक क्लास असा घे, बास. बाकीचे कॅन्सल कर.

टाचणी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. १२ दिवसांत 'शिकणं' होत नाही. तिथे दुकानात कामाला लागलेला मुलगा वर्षानुवर्षं नुसतं सारण शिजवतो तेव्हा कुठे त्याला काउंटरवर बसवतात. आणि चहाचं तर बोलूच नका. मी एका ठिकाणी गेलो होतो, नाव नाही घेत, वीस जण ओळीत, समोर स्टेजसारखं, माईक लावून बाई समजावतायत, ४५ मिनिटांत चहा, मिठाई, फोटो, चला पुढची बॅच. पैसे दिले आणि चहाऐवजी रांग प्यायलो असं वाटलं.

त्यापेक्षा बघायला जा. क्योतोत इमादेगावा होरिकावा चौकात त्सुरुया योशिनोबुचं मुख्य दुकान आहे, १८०३ सालापासूनचं. वरच्या मजल्यावर काउंटर आहे, पलीकडे कारागीर बसलेला असतो, तुम्ही मोसमातली मिठाई निवडायची, तो तुमच्यासमोर करतो, आणि सोबत माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा. दहा मिनिटांचं काम असेल पण मी त्याच्या अंगठ्याकडे बघत बसलो होतो, सगळी गोम त्या अंगठ्यात आहे. हे आधी बघा, मग क्लासला जा, म्हणजे आपलं काय चुकतंय ते तरी कळेल.

वाळवण

टाचणी, तुमचं अर्धं पटलं अर्धं नाही. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे कानाझावाला अडीच वर्षं होते आणि शेजारच्या एका आजींकडे चहाच्या शिकवणीला जायचे, ओकेइको म्हणतात त्याला, आठवड्यातून एकदा. पहिले दीड महिने चहाला हातही लावला नाही. ताटामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, चालायचं कसं, कडेच्या कापडी पट्टीवर पाय न देता, दार बसून सरकवायचं कसं, फुकुसा म्हणजे तो रेशमी रुमाल, त्याची घडी कशी घालायची, एवढंच. घरी नवरा विचारायचा आज काय शिकलीस, मी म्हणायचे रुमाल.

पण प्रवाशाला एक गोष्ट १२ दिवसांत खरंच येऊ शकते, ती म्हणजे पाहुणा होणं. सगळे यजमान व्हायला धावतात, घुसळणी हातात घेऊन फेस काढायचाय सगळ्यांना. अहो, विधीचा निम्मा भाग पाहुण्याचा असतो आणि तो चुकला की यजमानाचंही बिनसतं. मिठाई आधी, पूर्ण संपवायची, कैशी नावाच्या कागदावर ठेवून कुरोमोजीच्या काडीने कापून. एक घास मिठाई एक घोट चहा असं नाही करायचं. शेजारच्याला 'ओसाकी नी' म्हणजे तुमच्याआधी घेते हं असं म्हणायचं, वाटी डाव्या तळव्यावर घ्यायची, तिची दर्शनी बाजू आपल्याकडे असते म्हणून उजव्या हाताने दोनदा घड्याळाच्या दिशेने फिरवून ती बाजू वाचवायची, प्यायची, ओठ लागले तिथे बोटाने पुसायचं, परत उलटी फिरवायची. आणि मग वाटी खाली ठेवून नीट बघायची. खरंच बघायची, कारण तुमच्यासाठी निवडलेली असते. एवढं अंगात मुरलं तर कुठल्याही चहागृहात तुम्ही तिकीट काढून आलेल्या टुरिस्ट राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं, तोक्यो-ओसाका छाटा, एका गावात सहा-सात रात्री राहा आणि एकाच शिक्षिकेकडे तीनदा जा. एकटीदुकटीला शिकवणाऱ्या, इंग्रजी येणाऱ्या बायका आहेत, आधी मेल करून स्पष्ट लिहा की तीन वेळा यायचंय, पाहुणा म्हणून शिकायचंय. दुसऱ्या वेळी गेलात की त्यांचा चेहराच बदलतो बघा.

गावाचं म्हणाल तर मी पक्षपाती आहे, कानाझावा. तिथल्या माएदा या सरदार घराण्याने १६६६ साली उरासेंके या चहाच्या परंपरेचा गुरू सेन्सो बोलावून घेतला, तेव्हापासून त्या गावाला चहाचं वेड आहे, ओही भांडी तिथलीच, त्याच्याच बरोबर आलेल्या कुंभाराची. केनरोकुएन बागेत शिगुरेतेई नावाच्या घरात माचा आणि मिठाई मिळते, मोरिहाची या १६२५ च्या दुकानाच्या वर जुन्या लाकडी साच्यांचं म्युझियम आहे, हजारावर साचे, आणि तिथे राकुगान करूनही बघता येतं, साखर आणि तांदळाचं पीठ जरासं ओलसर करून साच्यात दाबायचं. फक्त छत्री न्या. तिकडे म्हणच आहे, डबा विसरला तरी चालेल, छत्री विसरू नको.

नोव्हेंबर मात्र फार छान निवडलात. चहावाल्यांचं ते नवीन वर्ष. मे ते ऑक्टोबर वरची शेगडी असते, नोव्हेंबरला ताटामीत खोदलेली चूल उघडतात, पाहुण्यांना ऊब जवळ यावी म्हणून.

आणि आईंच्या गुडघ्यांचं टेन्शन घेऊ नका! र्युरेई नावाची टेबल-स्टूलवरची पद्धत आहे, ती कुणी आत्ता टुरिस्टांसाठी काढलेली पळवाट नाही, उरासेंकेच्या अकराव्या गुरूंनी १८७२ च्या क्योतो प्रदर्शनाच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी बसवली होती. बुकिंग करताना 'र्युरेई' शब्द वापरा.

टाचणी

पाहुण्याचं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते. मागे घेतो अर्धं.

ओसरी

शाकाहाराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. वागाशी बहुतेक बिनदुधाची, बिनअंड्याची असते, योकान म्हणजे सारणाची घट्ट वडी, ती जिलेटिनवर नाही तर कांतेनवर सेट होतं आणि ते समुद्री शेवाळाचं. अंडं असतं ते कास्तेरा, दोरायाकी अशा भाजलेल्या प्रकारांत, आईंनी ते टाळायचं. कंदमुळं चालत नसतील तर जोयो मांजू, म्हणजे सारण भरलेली वाफवलेली मिठाई, विचारून घ्या, त्यात कंद किसून घालतात, काही नेरीकिरीतही असतो.

खरी गोची जेवणात. 'पूर्ण चाजी' म्हणून जे चार तासांचं महागडं बुकिंग दिसेल त्यात कैसेकी जेवण असतं, आणि भाजी दिसली तरी रस्सा मासळीच्या दाशीचा, म्हणजे मासळी उकळून काढलेल्या पाण्याचा. फक्त मिठाई आणि पातळ चहा असलेलंच बुक करा. जेवायचंच असेल तर देवळांतलं शोजिन र्योरी, तिथे दाशी कोंबु शेवाळ आणि मशरूमची.

आणि पुढेमागे लांब शिकायचा विचार असेल तर टुरिस्ट व्हिसावर ते होत नाही. सांस्कृतिक उपक्रमांसाठी वेगळा व्हिसा असतो, चहा किंवा इकेबाना तज्ज्ञाकडे शिकणाऱ्यांसाठी, पण त्यावर कमाई करता येत नाही.

तिखटमीठ

वाळवणताई, एक विचारायचं राहिलंय कधीचं. ते सारण म्हणजे आपलं पुरणच ना? मी तिथल्या बाईंना तसं समजावायला गेले तर त्या गोंधळल्या.

वाळवण

दिसायला पुरण, करायला नाही. पुरणात डाळीचं सगळं आत राहतं. सारणाला तिकडे आन म्हणतात. त्यातल्या गुळगुळीत कोशीआनला अझुकी, म्हणजे छोट्या लाल बिया, उकळून पहिलं पाणी फेकतात तुरटपणा जावा म्हणून, मऊ शिजवून चाळणीवर घासून सालं काढतात, मग उरलेला गाळ भरपूर पाण्यात ढवळून ठेवायचा, तळाशी बसला की वरचं पाणी ओतायचं, परत पाणी, परत ओतायचं, दोन-तीनदा, शेवटी फडक्यात घट्ट पिळायचा. हातात उरतं ते ओलसर मऊ पिठासारखं. त्यात साखर घालून आटवायचं. म्हणून ते इतकं गुळगुळीत लागतं आणि म्हणूनच आपल्याकडच्यांना पहिल्या घासाला वाटतं यात तूप कुठाय. हे क्लासमध्ये कधीच दाखवत नाहीत कारण अर्धा दिवस जातो. आन करायला शिकवाल का असं मुद्दाम विचारा, कुणी हो म्हणालं तर तो क्लास सोडू नका, आकार घरी यूट्यूब बघूनही गिरवता येतात.

अर्धाकप

किती लिहिलंत सगळ्यांनी, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. प्लॅन पार बदलला. उतरल्यावर तोक्यो २ रात्री, मग कानाझावा ६, क्योतो ३. ओसाकाला टाटा. एका शिक्षिकेला मेल केला, 'र्युरेई' लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की स्टूल आहे आणि आईसाठी उशीपण ठेवते. आन शिकवायला एक जण तयार आहेत पण सकाळी आठला या म्हणतायत, जाणार.

आईने काल वाटीत ताक घेऊन दोनदा फिरवून प्यायलं. म्हणाली ताक होतं तसंच आंबट आहे, पण वाटीला पोचा आहे हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

शेवटचे दोन प्रश्न. आणायचं काय, मिठाई टिकते का? आणि कानाझावाहून क्योतो सरळ ट्रेन आहे का?

तिखटमीठ

ओली मिठाई एक-दोन दिवसांची, तिथेच खा. आणायची तर वासानबोन साखरेची कोरडी. माचा आणायचा असेल तर पहिल्याच दिवशी घे, २०२४ पासून टंचाई आहे, नावाजलेल्या दुकानांत माणशी डब्यांवर मर्यादा असते. चासेन म्हणजे ती बांबूची घुसळणी हँडबॅगेत नीट ठेव, माझी मोडली.

जुने लाकडी साचे क्योतोच्या बाजारांत मिळतात, तोजी देवळात २१ तारखेला, कितानो तेनमांगूला २५ ला. नक्षी उलटी कोरलेली असते, डावं उजवीकडे, त्यामुळे आवडलेला साचा घ्यायच्या आधी फोनवर फोटो काढून फ्लिप करून बघ. आणि त्याला कीड लागलेली नाही ना ते मागून टॉर्च मारून बघ, माझ्यातून भुसा पडायला लागला घरी आल्यावर.

ट्रेन आता सरळ नाही, २०२४ पासून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, त्सुरुगापर्यंत आणि तिथे थंडरबर्ड नावाची गाडी पकडायची, बदलायला वेळ थोडाच असतो, आईंना घेऊन पळायला नको म्हणून मधला जास्त गॅप असलेलं तिकीट काढ.