शब्दचर्चा : 'पेगन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ग्रीक, रोमन आणि उत्तर युरोपातल्या जुन्या धर्मांवरची जाणकारांनी मानलेली पुस्तकं वाचायची आहेत. 'पेगन' असं शोधलं की बहुतेक आजकालची मंत्रतंत्राचीच पुस्तकं समोर येतात. शब्द चुकतोय का? आणि मराठीत 'मूर्तिपूजक' म्हटलं तर चालेल?

प्रतिसाद : 'मूर्तिपूजक' नको. रोमन इतिहासकार टॅसिटसनं इ.स. ९८च्या सुमारास उत्तरेकडच्या जर्मानिक टोळ्यांवर 'गेर्मानिया' हे पुस्तक लिहिलं. देवांना भिंतींत कोंडणं, त्यांना माणसाचा चेहरा देणं जर्मानिक लोकांना देवांच्या थोरवीला शोभणारं वाटत नाही, असं तो सांगतो. ते वनं देवाला वाहतात. आपल्याकडची 'देवराई' इथे चपखल बसते. मग हे मूर्तिपूजक कसे? 'निसर्गपूजक'ही अपुराच. इ.स. ३८४मध्ये सिमाकस हा रोमन सरदार विजयादेवीची वेदी सिनेटच्या सभागृहात परत बसवा म्हणून सम्राटाला विनवत होता. इतक्या मोठ्या रहस्यापाशी एकाच वाटेनं पोचता येत नाही, हे त्याचं म्हणणं मला फार जवळचं वाटतं.

मुळात लॅटिन 'पागानुस' म्हणजे खेडूत. सैनिकांच्या तोंडी त्याचाच अर्थ 'बिनलष्करी माणूस'. ख्रिस्ती लोकांनी चौथ्या शतकात यातला नेमका कोणता अर्थ उचलला, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण हे नाव इतरांनी दिलेलं, हे नक्की. आपल्या 'गावंढळ'मध्ये आहे तसाच डंख त्यात आहे. म्हणून जुनी पुस्तकं या नावाखाली फारशी सापडत नाहीत. लोकांच्या किंवा प्रदेशाच्या नावानं शोधा. याकोब ग्रिमचा १८३५चा ग्रंथ 'जर्मन पुराणकथा' या अर्थाच्या नावाचा आहे, तर जेन हॅरिसन यांचा १९०३चा ग्रंथ ग्रीक धर्मावरचा. फ्रान्झ क्यूमाँ यांच्या १९०६च्या पुस्तकाच्या नावात मात्र हा शब्द आहे.

मार्गारेट मरे यांचं चेटकिणींवरचं १९२१चं पुस्तक जपून वाचा. चेटकिणी म्हणजे एका प्राचीन धर्माचे उरलेले अनुयायी, हा त्यांचा सिद्धान्त इतिहासकारांनी नाकारला आहे. जुनं पुस्तक मान्यताप्राप्त असेलच असं नाही.

दुसरा प्रतिसाद : 'पाखंडी' सुचवणार होतो, पण त्या शब्दाचंही असंच झालंय. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, आणि सगळ्या पंथांचा मान राखा असं तो सांगतो. शिवी नंतर झाली. गोव्यात पोर्तुगीज हिंदूंना 'जेंतिओ' म्हणत, तेही बाहेरून चिकटवलेलंच नाव.

प्रश्नकर्ता : मग 'ख्रिस्तपूर्व धर्म'?

पहिला प्रतिसादक : वाचणाऱ्याला ते 'इसवी सनापूर्वीचं' वाटेल. आइसलंडनं तर ख्रिस्ती धर्म इ.स. १०००च्या सुमारास स्वीकारला. एकाच समाजाबद्दल लिहिताना 'जुना नॉर्स धर्म', 'रोमन धर्म' असं लिहा. सगळ्यांबद्दल एकत्र बोलायचं असेल तेव्हा 'पेगन'च ठेवा, आणि शब्द कुणी दिला ते एकदा सांगून टाका. वाचनाची सुरुवात 'गेर्मानिया'पासून करा. छोटं आहे, दोन संध्याकाळींत होईल.