मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन वाळवंटात जातोय, काय न्यावं?

घाईत_आहे
तिकिटं आणि तंबूंचं बुकिंग झालंय. दोन रात्री वाळवंटात. आईला डोकं झाकावं लागेल का, कपडे कसले, घरचा खाऊ चालतो का? यूट्यूबवर प्रत्येकजण वेगळंच सांगतो. शनिवारी आई येतेय, तिला यादी द्यायचीय. प्लीज लवकर.

शनिवारपेठी
वाळवंट कुठलं? थर की सहारा?

घाईत_आहे
ओमान हो! वहिबा. लिहायचं राहिलं.

वाळूवेडा
ओमान कशाला? आमच्या जैसलमेरला निम्म्या पैशात तेच उंट, वर दालबाटी.

मस्कतची_मावशी
वाळूवेडा, त्यांची तिकिटं काढून झालीत.
आईंनी पंजाबी ड्रेस किंवा साडी खुशाल नेसावी, रस्त्यात डोकं झाकायची सक्ती नाही. मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीत मात्र ओढणी डोक्यावर आणि हात मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत झाकलेले हवेत. बिगरमुस्लिमांना तिथे सकाळी ८ ते ११ सोडतात, शुक्रवारी नाही. तंबूत रात्री गारठतं, स्वेटर न्या. तारखा कोणत्या?

घाईत_आहे
१० फेब्रुवारीपासून आठवडाभर, पहिले दोन दिवस दुबईत. आई खाऊ म्हणून अनारसे करणार आहे.

मस्कतची_मावशी
अहो, मग रमजान आहे! २०२७ चा साधारण ८ फेब्रुवारीला लागतोय, चंद्रावर एखादा दिवस पुढेमागे. ओमानमध्ये दिवसा चारचौघांत खाणंपिणं चालत नाही, पाण्याचा घोटसुद्धा. खोलीत खा. बाबांना शुगर असेल तर जेवणाच्या वेळा हॉटेलवाल्यांशी आत्ताच बोलून घ्या. सूर्यास्तानंतर बाजार फुलतो, ती मजा बघाच.

कस्टमवाला_नाही
अनारसे थांबवा! खसखशीवर युएईत, म्हणजे दुबईतही, बंदी आहे. अनारसा तिच्यावरच थापतात, सामानात सापडला तर उत्तरं देताना तोंडाला फेस येईल.

शनिवारपेठी
काहीतरीच. माझा साडू दरवर्षी नेतो, कोणी विचारत नाही.

कस्टमवाला_नाही
विचारत नाहीत तोवर ठीक. खसखशीवरून तिथे लोक अटकेत गेलेत. साडूच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना कशाला अडकवायचं?

सुगरण_सातारची
अनारसे तिळावर थापा, छान होतात. पीठ तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचंच घ्या, पाणी रोज बदला. तळताना उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवायचं.

मस्कतची_मावशी
तीळ चालतील. पण मुद्दा औषधांचा. बाबा काय घेतात?

घाईत_आहे
शुगरच्या गोळ्या. आणि पाय जळजळतात त्यासाठी रात्री एक. नाव बघून सांगतो.
…प्रीगॅबलिन.

कस्टमवाला_नाही
वाटलंच. प्रीगॅबलिन, ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, ही युएईत नियंत्रित यादीत आहेत. दुबईत विमानतळाबाहेर पडणार म्हणजे तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी जाण्याआधी काढायची. डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं इंग्रजी पत्र, चिठ्ठी, मूळ स्ट्रिप. सुट्या गोळ्या डबीत नकोत. ओमानचे नियम वेगळे तपासा.

वाळूवेडा
जैसलमेरला हे काही नाही.

सोनेखरेदी
दुबईत सोनं घेणार असाल तर मजुरीवर घासाघीस करा, भाव ठरलेला असतो. ओमानचा लोबान आणा, धोफारचा.

घाईत_आहे
सोनं नको आहे. वहिबात गाडी स्वतः चालवू का? भाड्याची सेडान घेतोय.

मस्कतची_मावशी
मुळीच नाही. वाळूत सेडान रुतते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या गाडीच्या टायरचीसुद्धा वाळूत शिरताना हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो. सेडान वाळवंटाच्या कडेला बिदिया गावात ठेवा, छावणीवाल्यांना न्यायला बोलवा. ते याचे पैसे वेगळे घेतात, किती ते आधी विचारा. आणि उजवीकडून चालवायचंय, विसरू नका.

घाईत_आहे
डॉक्टरांना फोन केला, पत्र उद्या मिळेल. परवानगीच्या अर्जात बाबांचं पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणेच टाकायचं ना? चिठ्ठीवर नुसतं आडनाव आहे.

कस्टमवाला_नाही
चिठ्ठी बदलून घ्या.