घरून केकच्या ऑर्डरी घेताय? तुमचे अनुभव लिहा

मागच्या गणपतीपासून मी घरून केकच्या ऑर्डरी घेतेय, नाशिकला. भाच्याच्या वाढदिवसाचा केक बघून बहिणीच्या सोसायटीतल्या दोघींनी विचारलं आणि तिथून सुरू झालं. आता महिन्याला दहा-बारा होतात पण हातात काही राहत नाही. अर्ध्या किलोचे ३५० घेत होते, परवा वही घेऊन बसले तर क्रीम, मैदा, बटर, चॉकलेट, बॉक्स, बोर्ड धरून २४० नुसते सामानाचेच निघाले, वीज वेगळी, माझे चार तास वेगळे. तुम्ही भाव कसे ठरवलेत, काय फसलं, सगळं लिहा.

---

ताई, मी पुण्यात पाच वर्षं करतेय, पहिली दोन वर्षं माझंही असंच झालं. सामान धरायचे पण मेहनत धरायचेच नाही, घरचीच बाई आहे ना, तिचे कसले पैसे! मग तासाचे १०० धरायला लागले. फॉन्डंटचं (साखरेचं मऊ पीठ असतं, लाटून केकवर घालतात ते) बाहुलं, फोटो प्रिंट, साखरेची फुलं यांचे वेगळे सांगायचे, केकच्या किलोत घालायचे नाहीत. नातेवाइकांनाही तोच भाव, नणंद दोन महिने बोलली नाही, पण आता तीच ऑर्डरी आणून देते. अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय मी अंडं फोडत नाही. सामान बोहरी आळीतून आणते, मोठं पॅक स्वस्त पडतं पण एक्सपायरी बघूनच घ्या. आणि आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, त्यामुळे गुरुवारची डिलिव्हरी असेल तर स्पंज बुधवारी रात्रीच काढून ठेवते.

---

डोंबिवली. पावसाळ्यात फॉन्डंट घेणाऱ्यांनी हे वाचाच. जुलैमध्ये पहिला दोन मजली केक घेतला, आत व्हिप क्रीम, वरून गुलाबी फॉन्डंट, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी बाहेर काढला आणि दहा मिनिटांत त्याला घाम फुटला, हात लावला की चिकट, लाल फुलांचा रंग खाली ओघळलेला, आणि अकराला न्यायला येणार होते. मी रडतच आईला फोन केला. शेवटी फॉन्डंट पूर्ण सोलून काढला, क्रीमने परत लेपला, निम्मे पैसे परत केले, त्यांनी समजून घेतलं हे त्यांचे उपकार.
नंतर शिकले ते असं की फॉन्डंटखाली व्हिप क्रीम नकोच, ते ओलं असतं, फॉन्डंटमधली साखर पाणी ओढून घेते. गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, लावायचा, डार्क चॉकलेट असेल तर चॉकलेट दोन भाग क्रीम एक भाग, व्हाइट असेल तर तीनास एक. फ्रिजमध्ये ठेवावाच लागला तर बॉक्स बंद करून, आणि बाहेर काढल्यावर बॉक्स लगेच उघडायचा नाही, केक खोलीइतका गरम होऊ द्यायचा, म्हणजे पाणी बॉक्सवर सुटतं, केकवर नाही. बाहुल्या दोन-तीन दिवस आधी, टायलोज (फॉन्डंट लवकर कडक करणारी पावडर) घालून. वरच्या मजल्याखाली काड्या आणि बोर्ड हवाच, नाहीतर रिक्षाच्या पहिल्याच खड्ड्यात वरचा मजला खालच्यात बसतो.

---

लायसन्सचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मी कोल्हापूरची. आपल्यासारख्या लहान कामाला एफएसएसएआयचं (सरकारची अन्नसुरक्षा संस्था) बेसिक रजिस्ट्रेशन लागतं, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर स्वतः भरलं, तेव्हा वर्षाचे १०० रुपये होते. एका एजंटने माझ्याकडे दोन हजार मागितले होते! १४ आकडी नंबर मिळाला तो आता बॉक्सच्या लेबलवर छापते. श्रावणात तर एगलेसच जास्त जातात, दह्याचा स्पंज करते, त्याची भांडी, बीटर, टिन सगळं वेगळं ठेवलंय. लोक विश्वासाने विचारतात, तिथे खोटं बोलवत नाही.

---

इंग्लंडमधल्या लेस्टरहून. इथे सुरू करायच्या किमान २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, फुकट असते. मग तपासणीला आल्या त्या बाईंनी फ्रिजचं तापमान आणि ॲलर्जनची (ज्यांनी ॲलर्जी होऊ शकते त्या पदार्थांची) यादी बघितली, इथे १४ ॲलर्जन सांगावे लागतात. दिवाळीला इथली मराठी मंडळी पुरणपोळी फ्लेवर मागतात, वेलची-जायफळाचा स्पंज आणि मध्ये पुरण, पण पुरण कोरडं हवं, नाहीतर थर सरकतात.

---

नाशिकवालीच परत. वाचून आजच एकीला ५५० सांगितले, अजून उत्तर नाही आलं. डोंबिवलीच्या ताई, गनाशचं ते दोनास एक वाटीने की वजनाने?

---

वजनाने. वाटीने अजिबात नको, छोटा वजनकाटा घ्या आधी.