गरोदर बायका रक्ताच्या गोळ्या घेऊन जातात पण खात नाहीत, बैठकीत काय बोलू? (गुरुवारच्या आत हवंय)

खानापूरची_सिस्टर
नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात उपकेंद्रावर काम करते. गोळ्यांचा तुटवडा नाही, आशाताई घरपोच देतात, तरी बाया खात नाहीत. विचारलं की "खाऊलो की ताई" म्हणतात आणि पुढच्या तपासणीला रक्त आहे तिथंच. गुरुवारी अंगणवाडीत बैठक आहे. काय बोललं की फरक पडेल ते सांगा. "लोह शरीराला आवश्यक आहे" हे सांगून झालंय, ते नको.

निपाणीकर
कुठल्या गोळ्या? नुसत्या लोहाच्या की कॅल्शियमच्या पण? कितव्या महिन्यातल्या बायका? आणि "तिथंच" म्हणजे हिमोग्लोबिन किती? ९ असेल तर वेगळं, ६ असेल तर बैठक सोडा, आधी तिला मोठ्या दवाखान्यात न्या.

मळ्यातला_माणूस
ताई, मुळात गोळ्या हव्यातच कशाला? उष्ण पडतात. आमच्या आईनं नाचणीची आंबील, शेंगदाणे-गूळ आणि शेवग्याची भाजी यावर पाच बाळंतपणं काढली. मातीतलं अन्न द्या, रक्त आपोआप वाढतं.

बेळगाव_आहार
दादा, नाचणी चांगलीच आहे, पण ती कॅल्शियमसाठी. १०० ग्रॅम नाचणीत लोह ५ मिलिग्रॅमही भरत नाही आणि त्यातलं अंगी लागतं थोडंच. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पोटात बाळ असताना जेवढं लोह लागतं तेवढं आपल्या भाकरी-आमटीतून निघत नाही. जेवण पण हवं, गोळी पण हवी. यात भांडण नाहीच.

मळ्यातला_माणूस
मग आमच्या आज्या कशा जगल्या?

बेळगाव_आहार
ज्या जगल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. बाळंतपणात गेलेल्यांच्या कोण सांगणार?

खानापूरची_सिस्टर
वाद नको, वेळ नाही. दोन्ही गोळ्या आहेत. चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायका. रक्त बहुतेकींचं ८ ते १० मध्ये, ७ च्या खालच्या कुणी नाहीत. ८ ते १० वाल्यांना दिवसाला दोन लाल गोळ्या सांगितल्यात. जंताची गोळी पण देऊन झाली. आता बोलायचं काय ते सांगा.

चिकोडी_ताई
मी आशाताईंच्या प्रशिक्षणात असते. सिस्टर, बोलण्याआधी एक विचारते. त्या का खात नाहीत हे त्यांच्या तोंडून ऐकलंय का? आमच्याकडं घरागणिक कारण वेगळं निघालं. एकीला मळमळ. एकीनं संडास काळी झाली म्हणून धसका घेतलेला. एकीच्या सासूचं म्हणणं, गोळ्या खाल्ल्या की पोर मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. एकीला कुणी सांगितलेलं की बाळ काळं होतं. या सगळ्यांना एकच भाषण ऐकवून काय होणार?

मळमळ होणारीला रात्री जेवल्यावर, झोपायच्या आधी गोळी घ्यायला सांगा. काळ्या संडासचं पहिली पट्टी हातात देतानाच सांगून ठेवा. अंगी न लागलेलं लोह बाहेर पडतं, त्यात घाबरायचं काही नाही. नंतर सांगितलं तर बायकांना ती सारवासारव वाटते. आणि मोठ्या बाळाची भीती सुनेपुढं काढू नका, सासूपुढं काढा. रक्त कमी असलं की बाळ उलट कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका असतो, आणि बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी त्या बाईला झेपत नाही. घरात पट्टी कुणाकडं असते ते बघितलंय का?

खानापूरची_सिस्टर
बघितलंय. जांबोटी बाजूच्या एका घरी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. चुलीवरच्या फळीवर मिठाच्या डब्यामागं पट्ट्या रबर लावून ठेवलेल्या, एकही गोळी फोडलेली नाही. सासू म्हणाली, "आमची चार झाली, एक गोळी बघितली नाही." सून चहाचा कप धरून खाली मान घालून उभी. तिथं सुनेला काय समजावणार?

चिकोडी_ताई
मग गुरुवारच्या बैठकीला सासवांना बोलवा. नुसत्या गरोदर बायका बोलावल्या तर निर्णय घेणारं माणूस घरीच राहतं. स्त्रीशक्ती संघातल्या (बचत गटातल्या) एखाद्या वयस्क बाईला, जिच्या सुनेनं गोळ्या पूर्ण केल्या आणि जिचं नीट झालं, तिला बोलू द्या. तुमच्यापेक्षा तिचं ऐकतील.

निपाणीकर
चहाचा कप म्हणालात तिथंच मेख आहे. आमच्याकडं विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर चहावर असतात. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह फार कमी अंगी लागतं, मग "खाऊन पण रक्त वाढलं नाही" म्हणून सोडून देतात. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, लिंबूपाणी चालेल. आणि लोह-कॅल्शियम एकदम देऊ नका, निदान दोन तासांचं अंतर. कॅल्शियम सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. मग लाल गोळी झोपताना, जेवण होऊन दोन तास गेल्यावर. ताईंनी सांगितलेल्या वेळेत एवढी भर घालतो.

सीमाभागी
खरा प्रश्न कुणी बोलत नाही. चित्रांचे तक्ते कन्नडमध्ये, कार्ड कन्नडमध्ये. आमच्या बायकांनी वाचायचं काय? आधी मराठीत माहिती द्या.

गोकाक_रोड
तक्ता वाचून कोण गोळी खातं? आमच्याकडं कन्नड बायकांना कन्नड तक्ता आहे, त्या तरी कुठं खातात? प्रत्येक धाग्यात तोच विषय.

सीमाभागी
ज्याला झळ बसत नाही त्याला तोच विषय वाटणारच.

संपादक
सीमाप्रश्नाचा वेगळा धागा आहे, तिकडं जा. इथं सिस्टरना उत्तर द्या.

चिकोडी_ताई
सीमाभागींचं एक बरोबर आहे, बाईला स्वतःच्या भाषेत हवं. पण त्यासाठी छापील कागदाची वाट बघू नका. पट्टीच्या मागं पेनानं चंद्र काढा, म्हणजे लाल गोळी रात्री. न वाचणारीला पण कळतं.

नवीन_बाबा_२४
आमच्या मिसेसना पाचवा महिना आहे. मातृवंदना योजनेचे पैसे अजून जमा नाहीत. पहिल्याला ५,००० मिळतात ना? आणि प्रोटीन पावडर कुठली चांगली?

निपाणीकर
पहिल्या बाळाला ५,००० बरोबर आहे, हप्त्यांत येतात. अंगणवाडीत विचारा. पावडरचं डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला नको. आणि वेगळा धागा काढा.

डॉ_हुक्केरी
एवढ्या बैठका कशाला? जिचं ८ आहे आणि दिवस भरत आलेत तिला शिरेतून लोह द्या, विषय संपला. गोळी आणि शिरेतून लोह यांची तुलना करणारा अभ्यास कर्नाटक आणि राजस्थानात झाला, त्यात बेळगावच्या जे.एन. मेडिकल कॉलेजचे डॉक्टर होते.

बेळगाव_आहार
डॉक्टर, उशिरा आलेल्या किंवा गोळीनं रक्त न वाढणाऱ्या बाईसाठी ते योग्यच. पण चौथ्या महिन्यातल्या बाईला गोळी खायला लावणं सोडून सलाईनची वाट बघायची का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशभरात साधारण चारातल्या एकाच आईनं १८० दिवस गोळ्या घेतल्या होत्या. बाकीच्या सगळ्यांना शिरेतून देणार?

डॉ_हुक्केरी
सगळ्यांना म्हटलंच नाही. महिनाभर गोळ्या नीट खाऊन १ ग्रॅमसुद्धा वाढलं नाही तर पाठवा, एवढंच. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टर तपासतात, त्या दिवशी आणा.

माहेर_चंदगड
मला एक सांगायचंय, मी स्वतः यातून गेलेय. सासर खानापूरकडं, माहेर चंदगडला. ओटी भरली आणि सातव्यात माहेरी गेले. कार्ड इकडचं, तिकडची आशाताई ओळखीची नाही, बरोबर नेलेली पट्टी संपली आणि बाळंतपणापर्यंत पुन्हा कुणी विचारलंच नाही. सीमेवरच्या बऱ्याच सुना अशाच जातात. ऐन गरजेच्या महिन्यांत गोळी तुटते. माहेरी जाणारीला पुरतील एवढ्या पट्ट्या आधीच बांधून द्या, आणि तिकडच्या आशाताईला फोन करा. बाळंतपणानंतर पण १८० दिवस घ्यायच्या असतात, ते तर मला कुणीच सांगितलं नव्हतं.

खानापूरची_सिस्टर
माहेरचं फार कामाचं सांगितलंत. आमच्या यादीतल्या कितीतरी चंदगड आणि गोव्याकडं जाणाऱ्या आहेत. गुरुवारी सासवांना बोलावते, संघातली एक आजी बोलायला तयार झालीय. भाषण नाही, आधी त्यांनाच विचारेन की गोळी कुठं अडते. आता शेवटचं. कॅल्शियमची गोळी मोठी, घशात अडकते म्हणून टाकतात. मोडून दिली तर चालते का?

निपाणीकर
कॅल्शियमची मोडून चालते, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर. लाल गोळी मात्र मोडू-चावू देऊ नका. वरचं साखरेचं आवरण निघालं की तोंडभर गंजाची चव येते आणि ती बाई दुसऱ्या दिवसापासून हात लावत नाही.