मदत हवी आहे: वितरकांच्या ऑर्डरी महिनाअखेरीस एकदम येऊन आदळतात, अंदाज कसा बांधायचा?

बेचैन_नियोजक
थेट मुद्द्यावर येतो. आमचे वितरक ऑर्डर देताना कसलाही ताळमेळ ठेवत नाहीत. पहिले तीन आठवडे फोन करून घसा बसतो आणि शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम तुटून पडतात. मग कारखान्यात ओव्हरटाइम, गाड्यांची मारामार, निम्म्या ऑर्डरी अपुऱ्या. पुढच्या महिन्यात त्याच मालाला कुत्रं विचारत नाही. गोदामात चालणारा माल नसतो, न चालणाऱ्याच्या थप्प्या लागलेल्या. एक्सेलमध्ये मूव्हिंग ॲव्हरेज (मागच्या काही आकड्यांची सरकती सरासरी) लावून पाहिलं, काही फरक नाही. एखादं चांगलं फोरकास्टिंग सॉफ्टवेअर सुचवा. सोमवारी साहेबांसमोर बसायचंय, त्यामुळे जरा लवकर.

हिशेबी
माल कोणता? मुदतीचा की टिकाऊ? वितरक किती, आयटम किती, माल तयार होऊन निघायला किती दिवस लागतात? यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही आणि सॉफ्टवेअर सुचवा म्हणे.

गोदामवाला
सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. आमच्याकडे मोठा गाजावाजा करून घेतलं. आता सगळे त्यातून आकडे एक्सेलमध्ये उतरवतात आणि जुन्याच पद्धतीने ठरवतात. सरळ दीड महिन्याचा साठा ठेवा आणि शांत झोपा.

बेचैन_नियोजक
सीलंट आणि चिकटवायची रसायनं. मुदत बारा महिने. दीडशेच्या आसपास आयटम, साठेक वितरक, लीड टाइम चार आठवडे धरा. @गोदामवाला, सगळ्या मालाचा दीड महिन्याचा साठा ठेवला तर एक्स्पायरीचा माल तुमच्याकडे पाठवू का?

सुमेधा_क
मूव्हिंग ॲव्हरेज कशावर लावलंत? प्रायमरीवर की सेकंडरीवर?

बेचैन_नियोजक
आमच्या बिलांवर. आणखी कशावर लावणार?

सुमेधा_क
म्हणजे प्रायमरीवर. तुम्ही वितरकाला दिलेला माल म्हणजे मागणी नव्हे. वितरकाकडून दुकानदाराकडे जातं ते सेकंडरी, मागणीच्या जवळचा आकडा तो. एखाद्या वितरकाचे एका आयटमचे दोन्ही आकडे आठवड्यावार टाका. आणि महिनाअखेरीला काही स्कीम असते का?

बेचैन_नियोजक
स्कीम काय, सगळीकडेच असते. २५ तारखेनंतर ठरावीक पेट्या उचलल्या की जादा सूट. सेल्सवाल्यांचं इन्सेंटिव्हही महिन्याच्या टार्गेटवर. तो विषय नाही. आकडे मागवलेत.

तिरकस
२५ तारखेला दार उघडायचं आणि २५ तारखेला गर्दी का होते ते शोधायला सॉफ्टवेअर घ्यायचं. मस्त.

जुना_खेळाडू
याला बुलव्हिप म्हणतात. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातल्या जे फॉरेस्टर यांनी १९५८ मध्येच दाखवलं होतं की दुकानातली लहानशी हालचाल मागे कारखान्याकडे जाताना मोठी होत जाते. १९९७ मध्ये ली, पद्मनाभन आणि वांग यांनी चार कारणं मांडली: प्रत्येक टप्प्यावर ऑर्डरी बघून अंदाज बदलणं, ऑर्डरी साठवून एकदम टाकणं, दरातले चढउतार आणि टंचाईत फुगवलेल्या ऑर्डरी. प्रॉक्टर अँड गँबलला लहान मुलांच्या डायपरमध्ये हेच दिसलं होतं. बाळं काही महिनाअखेर बघून डायपर वापरत नाहीत, तरी कारखान्याकडच्या ऑर्डरी हेलकावत होत्या.
एमआयटीचा बिअर गेम (दुकानापासून कारखान्यापर्यंत ऑर्डरी देण्याचा खेळ) तर जरूर खेळा. ग्राहकाची मागणी आठवड्याला ४, पाचव्या आठवड्यापासून ८, आणि मग शेवटपर्यंत ८च. एवढ्या एका पायरीवर खेळणारे कारखान्याचा पार विचका करतात, वर शपथेवर सांगतात की ग्राहकच लहरी होता.

गोदामवाला
खेळ राहू द्या, त्याला सोमवारी उत्तर द्यायचंय.

बेचैन_नियोजक
घ्या आकडे. एक वितरक, एक आयटम, पेट्या, चार आठवडे. आमची बिलं: ०, २०, ३०, ३५०. त्याची विक्री: ९५, ११०, ९०, १०५.

हिशेबी
दोन्हीकडची बेरीज ४००! महिन्यात जेवढं विकलं तेवढंच घेतलंय. वितरक लहरी नाही, शिस्तीचा आहे.
आता सेफ्टी स्टॉक (अंदाज चुकला तर हाताशी असावा असा जादा साठा) काढू. ९५ टक्के सेवा पातळी (शंभरात ९५ वेळा माल कमी पडू नये) म्हणजे गुणक १.६५, गुणिले आठवड्याचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती हलतात ते), गुणिले लीड टाइमचं वर्गमूळ, म्हणजे २. त्याच्या विक्रीचं विचलन ९ च्या आसपास, साठा ३० पेट्या. तुमच्या बिलांचं विचलन १६७, साठा ५५० पेट्या. चार आठवड्यांवरून विचलन काढणं ही थट्टाच, पण फरक कळायला पुरे. वितरक तोच, माल तोच.

सुमेधा_क
गणित बरोबर, पण ३० वर लगेच उतरू नका. तो माणूस ऑर्डर ३५० चीच देतोय तोवर तुम्हाला एकदम ३५० द्यावेच लागणार. आधी ऑर्डरीचा ठेका बदलायला हवा, साठा नंतर. शिवाय हे सूत्र लीड टाइम पक्का धरतं, तुमचा तो तसा आहे का? आणि कधीमधी निघणाऱ्या आयटमना ते लावूच नका. तिथे अंदाजासाठी क्रोस्टनची पद्धत बघा, १९७२ ची आहे आणि एक्सेलमध्ये बसते.

हिशेबी
लीड टाइमचं मी लिहिणारच होतो.

सुमेधा_क
बरं.

काउंटरपलीकडचा
मी वितरक आहे (तुमचा नव्हे). इथे आम्हाला नावं ठेवणं चाललंय म्हणून लिहितो. २० तारखेला माल घेतला आणि २५ ला सूट आली तर तो तोटा माझा. शिवाय बाजारात माझी उधारी ४५ दिवसांची आणि कंपनीची २१ ची. महिन्याच्या सुरुवातीला माझी उधारीची लिमिट आधीच्या बिलांनी भरलेली असते, ऑर्डर टाकली तरी सिस्टीम अडवते. हे कुणी विचारलं का? आणि टंचाईत माल कसा वाटता?

बेचैन_नियोजक
ऑर्डरीच्या प्रमाणात. ज्याची मागणी जास्त त्याला जास्त. रास्तच आहे.

काउंटरपलीकडचा
झालं तर. मला शंभर हवे असतील आणि तुम्ही निम्मेच देणार हे ठाऊक असेल तर मी दोनशे लिहीन. सगळेच लिहितात. मग चुकून भरपूर माल आला की उरलेल्या ऑर्डरी रद्द. तुमचं ‘पुढच्या महिन्यात कुत्रं विचारत नाही’ ते हेच.

सुमेधा_क
वाटप मागच्या तीन महिन्यांच्या सेकंडरीवर करा. ऑर्डर फुगवण्यात कुणाला फायदाच उरणार नाही.

कायदेशीर_बोलू
वितरक ऐकत नसेल तर करारात मुदतपूर्व समाप्तीचं कलम हवं आणि नोटीस रजिस्टर्ड पोस्टानेच पाठवावी. मसुदा हवा असल्यास व्यनि करा.

तिरकस
काढून कुणाला टाकायचंय? ते बोलूया का आधी.

नवा_सभासद
अवांतराबद्दल माफी. वाणिज्य शाखेनंतर सप्लाय चेनमध्ये यायचं असेल तर कोणता कोर्स करावा?

बेचैन_नियोजक
स्कीम बंद करा असं सांगितलं तर सेल्सचे साहेब मलाच बंद करतील. टार्गेटवर त्यांचा जीव आहे. व्यवहार्य काहीतरी सांगा.

सुमेधा_क
बंद नका करू, विखरा. वितरकांचे चार गट पाडा, एका गटाचा महिना ७ तारखेला संपेल, दुसऱ्याचा १४ ला, तिसऱ्याचा २१ ला, चौथ्याचा महिनाअखेरीला. टार्गेट तेवढंच, स्कीम तीच, गर्दी चौघांत वाटली जाईल. जमलं तर सूट उचलीवर न देता सेकंडरीवर द्या, पण सोमवारी ते मागू नका, एवढं एकदम पचणार नाही.

गोदामवाला
गट पाडले की ७ वाला वितरक २१ वाल्याचा स्वस्त माल उचलेल. बघितलंय मी.

सुमेधा_क
शेजारशेजारचे भाग एकाच गटात ठेवायचे. तरी थोडी गळती होईल, ती चालते.

बेचैन_नियोजक
गटांचं बोलून बघतो. पण सेकंडरीचे आणि क्लोजिंग स्टॉकचे (शिल्लक मालाचे) आकडे ते खरे देतील कशावरून? मागे मागितले तेव्हा निम्म्यांनी मागच्या महिन्याचाच कागद तारीख बदलून पाठवला होता.

काउंटरपलीकडचा
क्लेमला (स्कीमची सूट म्हणून कंपनीकडून यायचे पैसे) जोडा. दर सोमवारी स्टॉक दिला त्याचा क्लेम पंधरा दिवसांत, नाही दिला तो रांगेत. आमच्याकडे एका कंपनीने हे सुरू केलं, तेव्हापासून माझा पोरगा रविवारी रात्रीच आकडे भरून ठेवतो. पण पंधरा दिवस म्हणजे पंधराच दिवस. तुमचे अकाउंट्सवाले पाळतील का, ते आधी विचारून या.

हिशेबी
आणि खात्री करायची तर क्लोजिंग ताळा लावा: ओपनिंग अधिक तुमची बिलं वजा सेकंडरी. दर महिन्याला पाच वितरकांकडे माणूस पाठवून पेट्या मोजा. कुणाकडे जाणार ते सेल्सला सांगू नका.